आवाज नेमका कुठे अडलाय? लिनक्स आणि साऊंड कार्डबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात लिनक्सवर (विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) लिहिल्यापासून जी पत्रं आणि मेल आले त्यात सगळ्यात जास्त तक्रार एकच आहे, बाकी सगळं चालतं पण आवाज येत नाही. म्हणून हा अख्खा महिना त्यालाच दिलाय. एक गोष्ट आधीच सांगतो, आपल्या मासिकात सगळं देवनागरीत छापतात त्यामुळे कमांड उच्चाराप्रमाणे दिल्यात, टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड द्यायच्या खिडकीत, त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाईप करायच्या, आकडे पण इंग्रजी, आणि जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं लिहिलंय. वाचकांची नावं मुद्दाम दिली नाहीयेत. मिंट, डेबियन, उबुंटू, फेडोरा, आर्च ही नावं पुढे येतील, ती सगळी लिनक्सचीच रूपं.

प्रश्न: मी सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक आहे. घरचा डेस्कटॉप साधारण २०१४ चा, इंटेलच्या चौथ्या पिढीचा आय-थ्री. विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून पुतण्याने लिनक्स मिंट टाकून दिलं. नेट, प्रिंटर सगळं चाललं पण आवाज नाही. मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडलाय, त्याला स्पीकर नाहीत, बाहेरचे स्पीकर कॅबिनेटच्या मागे हिरव्या पिनला आहेत. तीन वेळा नव्याने इन्स्टॉल करून झालं. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड बदला. काय करू?

उत्तर: सर, मदरबोर्डला हात लावू नका आणि चौथ्यांदा इन्स्टॉल पण करू नका. शेतात मोटर चालू आहे पण शेवटच्या वाफ्यात पाणी येत नाही म्हणून कोणी नवीन विहीर खणायला घेत नाही, आपण पाईपलाईनच्या कडेने चालत जातो आणि कुठला व्हॉल्व बंद आहे ते बघतो. कॉम्प्युटरच्या आवाजाचं अगदी तसंच आहे. खाली साऊंडची चिप, तिच्यावर कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) ड्रायव्हर म्हणजे अल्सा, मग अल्साचा मिक्सर, मग पाईपवायर नावाचा साऊंड सर्व्हर आणि सगळ्यात वर तुमचा ब्राऊझर नाहीतर प्लेयर. आवाज वरून निघतो आणि खाली उतरत येतो, वाटेत एक जरी व्हॉल्व बंद असला तरी स्पीकरमध्ये शांतता. नव्याने इन्स्टॉल केल्याने ह्यातले बरेचसे व्हॉल्व जिथल्या तिथेच राहतात म्हणून तीन वेळा करूनही काही फरक पडला नाही.

पहिलं काम, स्पीकरची पिन फोनला लावून बघा. हे ऐकायला फार साधं वाटतं पण स्पीकरच गेलेला आणि माणूस दोन दिवस टर्मिनलमध्ये, असं मी डोळ्यांनी बघितलंय. फोनवर वाजला की पिन परत मागे हिरव्या भोकात, गुलाबी माईकचं असतं आणि निळं लाईन-इनचं.

मग टर्मिनल उघडून एप्ले -एल द्या, ए-पी-एल-ए-वाय, स्पेस, डॅश, छोटा एल. कर्नलला दिसणारी सगळी कार्डं त्यात येतात. तुमच्या पिढीच्या इंटेल बोर्डवर एचडीएमआयचा आवाज हे वेगळं कार्ड असतं आणि हिरव्या पिनचा आवाज हे वेगळं, त्यामुळे बहुतेक कार्ड ० एचडीए इंटेल एचडीएमआय आणि कार्ड १ एचडीए इंटेल पीसीएच असं दिसेल, आणि पीसीएचच्या ओळीत एएलसी आणि पुढे आकडा असेल, तो रियलटेकचा कोडेक, म्हणजे तुमचं खरं साऊंड कार्ड. ते तिथे दिसलं तर दुकानदाराचं म्हणणं मागे पडलं, कारण जळालेली चिप कर्नलला आपलं नाव सांगत बसत नाही. ते कार्ड अजिबात नसेल तर मात्र बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन ऑनबोर्ड ऑडिओ बंद तर नाही ना ते बघा.

आता मधोमध एक काप घेऊ म्हणजे अर्धी पाईपलाईन एका झटक्यात तपासून होते. कमांड आहे स्पीकर-टेस्ट -डी प्लगएचडब्ल्यू:१,० -सी २ -टी वेव. यातला डी मोठा, बाकी सगळं छोटं, आणि वेवचं स्पेलिंग डब्ल्यू-ए-व्ही. ही कमांड पाईपवायरला बाजूला ठेवून सरळ कार्ड १ शी बोलते आणि एक बाई डाव्या स्पीकरमधून फ्रंट लेफ्ट, उजव्यातून फ्रंट राईट म्हणते. डिव्हाइस बिझी असा एरर आला तर ब्राऊझर, प्लेयर सगळं बंद करा आणि दहा-एक सेकंदांनी परत द्या, पाईपवायरने कार्ड धरून ठेवलेलं असतं. बाई बोलली तर खालचं सगळं ठणठणीत आहे आणि घोळ वरच्या मजल्यावर आहे. नाही बोलली तर घोळ मिक्सरमध्ये किंवा वायरमध्ये.

बाई बोलली असं धरू. तर मग साऊंड सेटिंगमध्ये आउटपुटला एचडीएमआय निवडलेलं असणार, म्हणजे आवाज बिचारा तुमच्या बिनस्पीकरच्या मॉनिटरमध्ये जाऊन संपतोय, आणि माझा पहिला संशय हाच आहे. यादीत ॲनालॉग किंवा लाईन आउट दिसत असेल तर ते निवडा, झालं काम. दिसतच नसेल तर पाव्हूकंट्रोल नावाचा प्रोग्राम टाका, पी-ए-व्ही-यू आणि पुढे कंट्रोल, सगळं जोडून. त्यात शेवटचा टॅब कॉन्फिगरेशनचा, तिथे प्रत्येक कार्डाचं प्रोफाईल असतं, पीसीएचवालं ऑफ असेल तर ॲनालॉग स्टिरिओ डुप्लेक्स करा. पहिल्या टॅबमध्ये प्लेबॅक, गाणं चालू ठेवून तिथे बघितलं की कुठल्या ॲपचा आवाज कुठल्या कार्डाकडे जातोय ते दिसतं आणि तिथेच बदलता येतं.

बाई नाही बोलली तर अल्सामिक्सर. टर्मिनलमध्येच उभ्या पट्ट्या येतात, एफ६ दाबून पीसीएच निवडा कारण उघडताना दुसरंच काहीतरी समोर असतं आणि लोक त्याच्याच पट्ट्या वर-खाली करत बसतात. पट्टीखाली एमएम असेल तर ती म्यूट आहे, एम दाबलं की ओओ होतं. मास्टर, फ्रंट, हेडफोन तिन्ही बघा. आणि उजवीकडे सरकत गेलं की ऑटो-म्यूट मोड नावाचा एक खण येतो, त्याच्यासाठी मी एवढं लांबण लावलंय. कॅबिनेटच्या पुढच्या भोकात हेडफोन लावला की मागचे स्पीकर आपोआप बंद व्हावेत म्हणून ती सोय आहे. पण जुन्या कॅबिनेटमध्ये पुढचं भोक धुळीने, दमट हवेने खराब होतं, किंवा पुढच्या पॅनलची वायर एसी ९७ ची असते आणि मदरबोर्डचा कनेक्टर एचडी ऑडिओचा, मग हेडफोन लावलेला नसतानाही बोर्डला वाटतं की लावलाय आणि मागचा आवाज कायमचा बंद. ते डिसेबल्ड करा आणि परत टेस्ट घ्या. माझ्या स्वतःच्या जुन्या मशीनवर हेच झालं होतं, मी आठवडाभर ड्रायव्हर बदलत होतो आणि दोष पुढच्या पॅनलच्या दोन इंच वायरमध्ये होता. सेटिंग जमलं की सुडो (एस-यू-डी-ओ, म्हणजे मशीनच्या मालकाच्या अधिकाराने) अल्साक्टल स्टोअर द्या, एएलएसए नंतर सी-टी-एल, म्हणजे ते लिहून ठेवलं जातं.

आणि सर, पुतण्याने ज्या पेनड्राईव्हवरून मिंट टाकलं तो अजून असेल तर जपून ठेवा. त्यावरून इन्स्टॉल न करता नुसतं चालवून बघता येतं. पेनड्राईव्हवर आवाज आला आणि हार्ड डिस्कवरून आला नाही तर हार्डवेअर चांगलं आहे हे तिथेच सिद्ध झालं, मग कोणी काही म्हणो.

प्रश्न: पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या लॅपटॉपवर डेबियन १२ टाकलं, साऊंड सेटिंगमध्ये फक्त डमी आउटपुट असं येतं. एप्ले -एल म्हणतं साऊंड कार्ड सापडलं नाही. विंडोजवर आवाज नीट होता.

उत्तर: डमी आउटपुट म्हणजे साऊंड सर्व्हर जागा आहे पण त्याला खाली एकही कार्ड मिळालं नाही, म्हणून त्याने नावापुरतं एक उभं केलंय. तेव्हा वरच्या मजल्यावर शोधू नका, कर्नलचं म्हणणं ऐका. सुडो डीमेसेज द्या, डी-एम-ई-एस-जी, आणि त्यात एसओएफ शोधा. माझा अंदाज असा की तिथे एसओएफ-टीजीएल अशी फाईल मागितली आणि उणे २ असा एरर आला असं दिसेल. उणे २ चा अर्थ फाईल सापडली नाही, एवढाच, चिप खराब आहे असा नाही.

कारण काय ते सांगतो. २००४ साली इंटेलचं एचडी ऑडिओ आलं आणि बरीच वर्षं एकच ड्रायव्हर सगळ्यांना पुरला. पण आताच्या पातळ लॅपटॉपमध्ये झाकणात जे डिजिटल माईक असतात ते प्रोसेसरमधल्या एका छोट्या डीएसपीला, म्हणजे आवाज हाताळणाऱ्या भागाला, जोडलेले असतात, आणि त्या डीएसपीला चालू होताना स्वतःचं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) लागतं, त्याचं नाव साऊंड ओपन फर्मवेअर. फर्मवेअर नाही तर डीएसपी उठत नाही आणि डीएसपी उठला नाही तर त्याच्यामागचे स्पीकरही मिळत नाहीत. डेबियनमध्ये त्याचं पॅकेज फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड. ते टाका आणि पूर्ण रिस्टार्ट करा. पॅकेज सापडत नाही म्हणालं तर सोर्सेस लिस्टमध्ये (पॅकेज कुठून आणायची ती यादी) नॉन-फ्री-फर्मवेअर हा शब्द आहे का बघा, डेबियन १२ पासून फर्मवेअरचा विभाग वेगळा केलाय आणि जुन्या सवयीने नुसतं नॉन-फ्री लिहिलं तर हे मिळत नाही. फेडोरावर हेच अल्सा-एसओएफ-फर्मवेअर, आर्चवर एसओएफ-फर्मवेअर.

तुला एक उपाय खूप ठिकाणी वाचायला मिळेल, मॉडप्रोबमध्ये, म्हणजे ड्रायव्हरच्या सेटिंगच्या फाईलमध्ये, डीएसपी_ड्रायव्हर=१ लिहायचं. त्याने जुना ड्रायव्हर लागतो, पुष्कळ मशीनवर स्पीकर चालू होतात पण झाकणातला माईक जातो, आणि ते तुला सहा महिन्यांनी ऑनलाईन इंटरव्ह्यूच्या दिवशी कळेल. फर्मवेअरचाच रस्ता धर.

प्रश्न: जळगावहून लिहितोय. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू. विंडोजमधून रिस्टार्ट करून उबुंटूत आलो की आवाज नसतो, बंद करून थोड्या वेळाने चालू केला की असतो. भुताटकी वाटायला लागलीय.

उत्तर: भुताटकी नाही दादा. विंडोजचा ड्रायव्हर कोडेकला त्याच्या पद्धतीने झोपवून जातो आणि रिस्टार्टमध्ये कोडेकचा वीजपुरवठा तुटत नाही, मग लिनक्सला तो अर्धवट अवस्थेत हाती लागतो. विंडोजमध्ये पॉवर ऑप्शनमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा आणि उबुंटूत येताना रिस्टार्ट न करता शटडाऊन करून या.

प्रश्न: नांदेड. उबुंटू २२.०४ वर आवाज फाटत होता म्हणून एका जुन्या लेखात वाचून पल्सऑडिओ हा साऊंड सर्व्हर पर्ज केला, म्हणजे पूर्ण काढून टाकला. आवाज तर गेलाच, रिस्टार्टनंतर डेस्कटॉपही येत नाही, नुसती काळी स्क्रीन. डेटा गेला का?

उत्तर: डेटा कुठेही गेला नाही, तुमच्या फाईली होम फोल्डरमध्ये जशाच्या तशा आहेत. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा, लॉगिन मागेल, युजरनेम-पासवर्ड द्या, नेटसाठी केबल लावा किंवा फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, आणि सुडो एपीटी इन्स्टॉल उबुंटू-डेस्कटॉप पल्सऑडिओ. मग रिस्टार्ट.

झालं असं की पल्सऑडिओवर डेस्कटॉपची इतर पॅकेजं अवलंबून असतात, ते काढताना एपीटी (पॅकेज टाकणारा-काढणारा प्रोग्राम) एक लांबलचक यादी दाखवतं की हे हे पण काढतोय आणि आपण वाय दाबून मोकळे होतो. ती यादी वाचायची, दरवेळी वाचायची, त्यात डेस्कटॉप असा शब्द दिसला की एन दाबायचं.

आणि कुठलाही उपाय करायच्या आधी त्याची तारीख बघा हे मला अगदी कळकळीने सांगायचंय, कारण लिनक्सच्या आवाजाचं घर तीनदा नव्याने बांधलं गेलंय. आधी ओएसएस नावाची ड्रायव्हरची पद्धत होती. मग यारोस्लाव किसेला यांनी १९९८ मध्ये सुरू केलेलं अल्सा आलं आणि २००३ च्या शेवटी आलेल्या २.६ कर्नलमध्ये तेच मुख्य झालं. त्याच्यावर लेनार्ट पोएटरिंग यांचं पल्सऑडिओ, फेडोराने २००७ मध्ये आणि उबुंटूने २००८ मध्ये घेतलं, आणि सुरुवातीच्या त्या दिवसांत ते काढून टाका असा सल्ला सर्रास दिला जायचा, तुम्ही वाचलेला लेख बहुधा त्या काळातला. मग विम टायमन्स यांचं पाईपवायर, फेडोरा ३४ मध्ये २०२१ साली आणि उबुंटूत २२.१० पासून. म्हणजे तुमच्या २२.०४ वर पल्सऑडिओ आहे आणि शेजाऱ्याच्या २४.०४ वर पाईपवायर, दोघांना एकच उपाय चालणार नाही. आपल्याकडे काय आहे ते कळायला पॅक्टल इन्फो द्या, पी-ए-सी-टी-एल, आणि सर्व्हर नेमची ओळ वाचा, तिथे नुसतं पल्सऑडिओ असेल किंवा पल्सऑडिओ ऑन पाईपवायर असेल.

आवाज फाटायचं मूळ दुखणं राहिलंच. मशीनवर लोड आला की फाटतो का, की शांततेनंतर पहिल्या क्षणाला टक असा येतो? दुसरं असेल तर ती वीजबचत आहे, काही सेकंद आवाज नसला की कोडेक झोपतो आणि उठताना टक करतो. ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये एक फाईल करून ऑप्शन्स एसएनडी_एचडीए_इंटेल पॉवर_सेव्ह=० एवढी एक ओळ लिहा. टीएलपी हा बॅटरी वाचवणारा प्रोग्राम टाकलेला असेल तर त्याच्या सेटिंगमध्येही साऊंडचं पॉवर सेव्ह शून्य करा, नाहीतर ते तुमचं लिहिलेलं परत पुसेल. लोडमुळे फाटत असेल तर आधी डेस्कटॉप परत आणा आणि मला पुन्हा लिहा.

प्रश्न: अमरावतीत क्लास घेते. ब्लूटूथ हेडफोनवर गाणी छान लागतात पण ऑनलाईन क्लास सुरू केला की मुलांचा आवाज जुन्या लँडलाईनसारखा येतो. लिनक्समुळे का?

उत्तर: नाही ताई, विंडोजवरही हेच होतं. ब्लूटूथचे दोन प्रोफाईल आहेत, एटूडीपी मध्ये आवाज फक्त तुमच्या कानाकडे येतो आणि दर्जा चांगला असतो, पण माईक चालू केला की हेडफोन हँड्स-फ्री प्रोफाईलवर जातो आणि आवाज एकपदरी होऊन ८ नाहीतर १६ किलोहर्ट्झवर येतो. क्लासमध्ये इनपुटला लॅपटॉपचाच माईक निवडा किंवा एखादा वायरचा कॉलर माईक घ्या, हेडफोन एटूडीपीवरच राहील. नवा हेडफोन घ्यायची गरज नाही.

प्रश्न: फोंडा, गोवा. मी हार्मोनियम शिकवतो. यूएसबी ऑडिओ इंटरफेस घेऊन फेडोरावर आर्डर या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये रेकॉर्ड करतो. तबल्याचा ट्रॅक हेडफोनमध्ये लावून त्यावर वाजवताना माझाच सूर मला उशिरा ऐकू येतो, लय सुटते. कार्ड बदलावं का?

उत्तर: तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, आवाजाच्या उशिराचा त्रास नेमक्या शब्दांत मांडलाय. कार्ड बदलू नका. पाईपवायर आवाज थेंबाथेंबाने सोडत नाही, बादली भरून सोडतो. त्या बादलीला क्वांटम म्हणतात, नेहमीची १०२४ नमुन्यांची (आवाजाच्या सूक्ष्म मोजमापांची) असते, आणि सेकंदाला ४८००० नमुने धरले तर एक बादली भरायला २१ मिलिसेकंद लागतात. आता हे बैठकीत आणून बघा. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे २१ मिलिसेकंदात सात मीटर. तुमचा तबलजी शेजारी न बसता सात मीटर लांब हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसलाय असं झालं, आणि हे फक्त एका बादलीचं, आत यायला वेगळी, बाहेर जायला वेगळी, वर यूएसबीचा वेळ. लय सुटणारच.

बादली छोटी करा. पीडब्ल्यू-मेटाडेटा -एन सेटिंग्ज ० क्लॉक.फोर्स-क्वांटम २५६ अशी कमांड आहे, सेटिंग्जचं स्पेलिंग अनेकवचनी. २५६ म्हणजे ५.३ मिलिसेकंद, तबलजी साधारण १.८ मीटरवर आला, बैठकीत असतो तेवढाच. चाललं तर १२८ करून बघा. एका बाजूला पीडब्ल्यू-टॉप चालू ठेवा, त्यात ईआरआर नावाचा रकाना आहे, वाजवताना तिथला आकडा वाढत असेल तर बादली गरजेपेक्षा छोटी झालीय, प्रोसेसर वेळेत भरू शकत नाहीये, एक पायरी मागे या. रेकॉर्डिंग संपलं की २५६ च्या जागी ० लिहून तीच कमांड द्या, म्हणजे नेहमीचं परत येतं आणि लॅपटॉपची बॅटरी वाचते.

अजून एक, तुमच्या इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर असं बटण असेल तर ते दाबा. मग हार्मोनियमचा सूर कॉम्प्युटरपर्यंत न जाता इंटरफेसमधूनच कानाला मिळतो, उशीर असा राहतच नाही, फक्त आर्डरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा नाहीतर दोनदा ऐकू येईल. माझ्या मते एकट्याने रेकॉर्ड करणाऱ्याला हा सगळ्यात चांगला रस्ता आहे. आणि रेकॉर्डिंगला ब्लूटूथ हेडफोन कधीच नको, तिथे शंभर मिलिसेकंदाच्या वर उशीर सहज होतो.

प्रश्न: मी लातूरचा, पूर्ण अंध आहे. उबुंटू २४.०४ ओर्का या स्क्रीन रीडरवर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम) चालवतो, बँकेची परीक्षा देतोय त्याचा सगळा अभ्यास त्यावर. महिन्यातून एक-दोनदा आवाज अचानक बंद होतो. तुम्हा लोकांचं गाणं बंद होतं, माझी स्क्रीनच बंद होते. शेजारचा मुलगा येऊन रिस्टार्ट करेपर्यंत बसून राहावं लागतं. दुसऱ्यावर अवलंबून न राहता काही करता येईल का?

उत्तर: येईल. तुमचा प्रश्न मुद्दाम शेवटी घेतला कारण वेळ घेऊन उत्तर द्यायचं होतं, आणि एका अंध मित्राच्या मशीनवर, त्याच्यासोबत बसून, प्रत्येक पायरी करून बघितलीय.

आधी ओळखायचं की गेलं काय, साऊंड की बोलणारा. व्हॉल्यूम वाढवायची की दाबा, उबुंटूत ती दाबली की एक छोटा आवाज येतो. तो आला तर कार्ड, पाईपवायर सगळं जिवंत आहे आणि नुसता ओर्का अडकलाय. मग ऑल्ट-सुपर-एस दाबा (सुपर म्हणजे विंडोजच्या चिन्हाची की), ओर्का बंद होईल, दोन-तीन सेकंद थांबून परत दाबा, चालू होईल. त्यानेही नाही झालं तर ऑल्ट-एफ२ दाबून ओर्का --रिप्लेस असं टाईप करून एंटर, दोन डॅश आहेत.

व्हॉल्यूम कीचा आवाजही नाही आला तर साऊंड सर्व्हर उठवायचा. कमांड अशी, सिस्टिमक्टल --युजर रिस्टार्ट पाईपवायर पाईपवायर-पल्स वायरप्लंबर. पहिल्या शब्दात सिस्टिमनंतर सी-टी-एल. सुडो लावायचा नाही, पासवर्ड लागत नाही. पण आवाज नसताना एवढं लांब टाईप करायला लावणं मला बरोबर वाटत नाही, म्हणून ती एका शॉर्टकटवर बसवा. सेटिंग्ज, कीबोर्ड, शॉर्टकट बघा आणि बदला, सगळ्यात खाली कस्टम शॉर्टकट. नाव काहीही द्या, कमांडच्या जागी वरची ओळ, आणि की अशी निवडा जी चुकून दाबली जाणार नाही, मित्राने सुपर-शिफ्ट-एफ९ ठेवलीय. दाबायची, पाच सेकंद थांबायचं, मग ऑल्ट-सुपर-एस दोनदा. आतापर्यंत त्याचं एवढ्यावरच भागलंय.

दुसरी सोय, एक छोटं यूएसबी साऊंड कार्ड घेऊन ठेवा, पेनड्राईव्हएवढं असतं, काहीशे रुपयांत मिळतं, त्यातल्या साध्या कार्डांना लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर लागत नाही. आज आवाज चालू असतानाच ते लावा, साऊंड सेटिंगमध्ये आउटपुट म्हणून निवडा, त्यावर ओर्का ऐकू येतोय ना बघा आणि काढून ठेवा. तुम्ही निवडलेलं कार्ड पाईपवायरचा मदतनीस वायरप्लंबर लक्षात ठेवतो, पुढच्या वेळी लॅपटॉपचं कार्ड रुसलं आणि हे लावलं की आवाज त्याच्याकडे जातो. कर्नल अपडेटनंतर लॅपटॉपचं आतलं कार्ड बिघडलं तर शॉर्टकटचा उपयोग होत नाही, तेव्हा हेच कामी येतं, कारण याचा ड्रायव्हर आतल्या कार्डाच्या ड्रायव्हरपेक्षा पूर्ण वेगळा आहे.

तिसरी, आणि मला सगळ्यात आवडलेली. तुमच्या फोनवर टॉकबॅक, म्हणजे फोनचा स्क्रीन रीडर, असणारच. कॉम्प्युटरवर ओपनएसएसएच-सर्व्हर हे पॅकेज टाका, पासवर्ड मजबूत ठेवा, आणि फोनवर एखादं एसएसएच ॲप घ्या जे टॉकबॅकबरोबर नीट बोलतं, दोन-तीन वापरून बघावी लागतील. घरच्या वायफायवर फोनमधून कॉम्प्युटरमध्ये लॉगिन केलं की कॉम्प्युटर मुका असला तरी त्याचं म्हणणं फोन तुम्हाला वाचून दाखवतो. तिथे एप्ले -एल देऊन कार्ड दिसतंय का ते स्वतः बघता येतं, रिस्टार्टची कमांड तिथूनही चालते, आणि जर्नलक्टल --युजर -यू पाईपवायर -एन २० दिलं की शेवटच्या वीस ओळींत पाईपवायर काय म्हणून पडला ते मिळतं. यात एन, यू सगळे छोटे. त्या ओळी जपून ठेवा आणि मला पाठवा, महिन्यातून दोनदा बंद पडतंय म्हणजे त्याला काहीतरी ठरलेलं कारण आहे आणि ते त्या ओळींत असायची शक्यता जास्त.

ईस्पीक एनजी या मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये मराठी आवाज आहे, ओर्काच्या व्हॉईस टॅबमध्ये भाषा बदलून बघितला नसेल तर बघा, मराठी नोट्स वाचायला बरा पडतो. आणि हे सगळं बसवून झालं की आवाज चालू असतानाच तो शॉर्टकट तीन-चार वेळा दाबून सवय करून घ्या. दरवेळी आवाज क्षणभर जाऊन परत आला पाहिजे. परत येत नसेल तर पेपरच्या आधी मला मेल करा, आपण फोनवर बोलून लावू.